खाणीचा खड्डा आणि नदीचं देणं : कोलोरॅडोतलं एक प्रकरण

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातलं डेन्व्हर शहर ओलांडून साउथ प्लॅट नदी उत्तरेला ग्रीलीकडे वाहते. या पट्ट्यात तिच्या काठाने, आणि तिला येऊन मिळणाऱ्या सेंट व्रेन, बिग थॉम्पसन, कॅश ला पूडर या नद्यांच्या काठानेही, तळ्यांमागून तळी लागतात. बदकं असतात, गळ टाकून बसलेली माणसं असतात. नवख्या माणसाला ही तळी तिथे पहिल्यापासूनच असावीत असं वाटतं. पण यातली कितीतरी तळी म्हणजे वाळू आणि गोटे काढून झाल्यावर उरलेले खड्डे आहेत. रस्ते, पूल, धावपट्ट्या आणि घरं यांच्या काँक्रीटसाठी नदीकाठचा थर उकरला, खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला आणि पाणी आपोआप भरलं.

कुणी पंप लावला नाही, पाट काढला नाही. तरीही कोलोरॅडोचा कायदा खाणवाल्याला सांगतो की या खड्ड्यामुळे नदीचं जेवढं पाणी कमी झालं तेवढं तू भरून दे. दरवर्षी दे, योग्य वेळी दे, योग्य ठिकाणी दे आणि खड्डा उघडा असेपर्यंत देत राहा. १९८८ मधले राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आणि पाठोपाठ १९८९ मध्ये झालेला कायदा यांनी ही जबाबदारी पक्की केली. तो निर्णय कसा झाला, त्याची अंमलबजावणी कशी चालते आणि तो कुठे कमी पडतो, हे इथे मांडतो आहे.

पाणी जातं कुठे

रॉकी पर्वतातून हिमनद्या वितळताना वाहत आलेला वाळू-गोट्यांचा भरड थर या नद्यांच्या काठाने पसरलेला आहे. बांधकामाला लागणारा माल म्हणून तो उत्तम आहे आणि पाणी साठवणारा थर म्हणूनही उत्तम आहे. थरातलं भूजल आणि शेजारची नदी हे एकच पाणी असतं. एक भाग डोळ्यांना दिसतो, दुसरा गोट्यांच्या फटींतून संथ सरकत नदीकडे जात असतो. वरून शेताला दिलेलं पाणी मुरतं आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी नदीत उतरतं. खालच्या गावाचा पाट त्यावरच चालतो.

माती आणि गोट्यांखाली असतं तोवर हे पाणी उन्हापासून सुरक्षित असतं. खड्डा खणला की ते उघडं पडतं. कोलोरॅडोच्या मैदानी भागात हवा कोरडी, वारा जोराचा. उथळ तळ्यातून वर्षाला एक मीटरहून जास्त पाणी उडून जातं आणि पाऊस मात्र जेमतेम ३५ सेंटिमीटर पडतो. तळ्याची पातळी खाली जात नाही, कारण उडालेल्या पाण्याच्या जागी आजूबाजूच्या थरातलं पाणी सरकून येतं. नदीकडे निघालेलं पाणी वाटेत तळ्याकडे वळतं. नदी जवळ असेल तर नदीतलंच पाणी उलट थरात झिरपू लागतं. तळ्याकडे पाहून यातलं काहीच कळत नाही. तूट दिसते ती काही मैल खालच्या पाटाच्या तोंडाशी.

म्हणून या नुकसानीकडे बराच काळ कुणाचं लक्ष गेलं नाही. विहिरीला वीजबिल येतं, पाटाला मोजपट्टी असते, या खड्ड्याला दोन्ही नव्हतं.

आधी आला त्याचा हक्क आधी

कोलोरॅडोत पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसतो. नदीकाठी जमीन आहे म्हणून पाणी मिळत नाही. ज्याने आधी पाणी घेऊन उपयोगात आणलं, त्याचा हक्क ज्येष्ठ.

या तत्त्वाची जन्मकथा पूडर नदीवरचीच आहे. ग्रीलीची वसाहत १८७० ची. तिच्या वरच्या अंगाला फोर्ट कॉलिन्सच्या बाजूला मागाहून आलेल्या वसाहतवाल्यांनी पाट काढले. १८७४ च्या कोरड्या उन्हाळ्यात त्यांनी पाणी उचललं आणि खाली ग्रीलीला नदी आटली. दोन्ही गावांत जोराचा तंटा झाला. दोनच वर्षांनी, १८७६ मध्ये, राज्यघटनेत लिहिलं गेलं की नैसर्गिक ओढ्यानद्यांचं पाणी जनतेचं आहे आणि टंचाईत आधीच्या वापरकर्त्याला आधी पाणी मिळेल. १८८२ मध्ये कॉफिन विरुद्ध लेफ्ट हँड डिच कंपनी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काठावरच्या जमीनमालकाचा वेगळा हक्क साफ नाकारला.

याचा रोजचा अर्थ असा. उन्हाळ्यात नदीत पाणी कमी पडलं की ज्येष्ठ हक्कदार ‘कॉल’ लावतो, म्हणजे माझा वाटा मला पोहोचत नाही अशी मागणी सरकारी पाणी अधिकाऱ्याकडे नोंदवतो. मग त्याच्यापेक्षा नव्या तारखेच्या, वरच्या अंगाच्या वापरकर्त्यांना पाणी सोडून द्यावं लागतं. साउथ प्लॅटवर भर उन्हाळ्यात बऱ्याचदा एकोणिसाव्या शतकातले हक्कच तेवढे पूर्ण भागतात. शिवाय १९२३ च्या करारानुसार शेजारच्या नेब्रास्का राज्यासाठीही १ एप्रिल ते १५ ऑक्टोबर या काळात सीमेवर सेकंदाला १२० घनफूट प्रवाह राखण्याची बांधिलकी आहे.

विहिरी या रांगेत उशिरा आल्या. १९६९ च्या कायद्याने नदीला जोडलेलं भूजल आणि नदीचं पाणी यांना एकाच ज्येष्ठताक्रमात बसवलं. राज्याचे सात जलविभाग झाले आणि प्रत्येकाला पाणी न्यायालय मिळालं. साउथ प्लॅटचं न्यायालय ग्रीलीला आहे. याच कायद्याने नव्या वापरकर्त्याला एक वाट ठेवली. तुझ्या तारखेला पाणी मिळत नसेल, तरी दुसरीकडून पाणी आणून नदीची तूट भरून काढ, ज्येष्ठाला झळ पोहोचू देऊ नको आणि मग तुझा वापर चालू ठेव. हीच भरपाई योजना. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. उशिरा येणाऱ्याचे दरवाजे तो बंद करत नाही आणि आधी आलेल्याला गप्प बसायलाही सांगत नाही.

झाडं तोडून पाणी मिळत नाही

खाणीकडे वळण्याआधी १९७४ चा एक निकाल सांगायला हवा, कारण पुढचा वाद त्याच्या पायावर उभा आहे. आर्कान्सा नदीच्या काठी शेल्टन फार्म्सने नदीकाठची पाणी पिणारी झुडपं काढून टाकली. झाडं जे भूजल पीत होती ते आता वाचलं, म्हणून तेवढं पाणी कोणाच्याही कॉलच्या बाहेर आम्हाला द्या, अशी त्यांची मागणी होती. न्यायालयाने ती फेटाळली. झाडांनी प्यायलेलं पाणी मुळात नदीचं आणि तिच्या हक्कदारांचं होतं. ते वाचलं तर नदीला मिळेल, तोडणाऱ्याला मिळणार नाही. न्यायालयाला पुढचंही दिसत होतं. अशी सूट दिली तर पाण्याच्या लोभाने काठावरचं एकूण एक झाड कापलं जाईल.

खाणवाल्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचं होतं. खड्डा खणताना तो कॉटनवुड, विलो अशी झाडं काढतोच. झाडं पीत होती तेवढं पाणी माझ्या तळ्याच्या बाष्पीभवनातून वजा करा, असं म्हणायची त्याची वाट या निकालाने अरुंद केली.

१९८८ : खड्डा म्हणजे विहीर

त्या काळात डेन्व्हर परिसर झपाट्याने वाढत होता आणि वाळू-गोट्यांना तोटा नको म्हणून राज्यच दक्ष होतं. १९७३ च्या एका कायद्याने मोठ्या लोकसंख्येच्या काउंट्यांना बजावलं होतं की खाणयोग्य साठ्यांवर अशी बांधकामं होऊ देऊ नका की पुढे माल काढताच येणार नाही. म्हणजे एक कायदा नदीकाठ खणायला मोकळा ठेवत होता आणि दुसरा त्याच काठाखालच्या पाण्याची ज्येष्ठता राखत होता. आज ना उद्या दोन्ही एकमेकांसमोर येणारच होते.

पूडर खोऱ्यातल्या पाणी वापरकर्त्यांच्या संघटनेने, कॅश ला पूडर वॉटर युजर्स असोसिएशनने, हा प्रश्न धसाला लावला. थ्री बेल्स रँच असोसिएट्स आणि झिगन सँड अँड ग्रॅव्हल या दोघांविरुद्धची प्रकरणं कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचली आणि १९८८ मध्ये दोन्हींचे निकाल एकापाठोपाठ लागले. कळीचा प्रश्न हा : खाणकामाने भूजल उघडं पडून तळं झालं, तर कायद्याच्या नजरेने ती विहीर आहे का? विहीर असेल तर परवाना लागेल, ज्येष्ठताक्रम लागू होईल आणि बाष्पीभवनाने होणारी घट भरून द्यावी लागेल. विहीर नसेल तर नदीची घट हा निसर्गाचा खेळ ठरेल.

कोलोरॅडोच्या भूजल कायद्यातली विहिरीची व्याख्या रुंद आहे. पाणी मिळवण्याच्या हेतूने केलेली रचना तर तीत येतेच, पण जिच्यामुळे परिणामी भूजल मिळून उपयोगी पडतं तीही येते. खाणवाल्याचा हेतू गोटे काढण्याचा असेल, पण परिणाम उघड्या पाण्याचा आहे आणि ते तळं पुढे मासे, पक्षी, विहार यांसाठी वापरलं जातं. न्यायालयाने असे खड्डे विहिरीच्या व्याख्येत बसवले. परवाना घ्या आणि भरपाई करा.

निकालाचं मोल मला यात दिसतं की नुकसान मोजताना त्याने पंपाकडे पाहिलं नाही, नदीकडे पाहिलं. ज्येष्ठ हक्कदाराच्या पाटात पाणी आलं नाही, हे वास्तव आहे. ते वरच्या माणसाने उपसलं की उन्हात उघडं टाकलं, याने त्याच्या सुकणाऱ्या मक्यात काय फरक पडतो?

निकालाने खाण उद्योगात धांदल उडाली. दशकांपासूनचे खड्डे एका रात्रीत बेकायदा विहिरी ठरण्याची भीती होती. १९८९ मध्ये विधिमंडळाने तडजोडीचा कायदा केला. ३१ डिसेंबर १९८० पूर्वी भूजल उघडं पडलेल्या खड्ड्यांना बाष्पीभवनाच्या भरपाईतून सूट मिळाली. त्यानंतरच्या खड्ड्यांना विहिरीचा परवाना आणि त्यासोबत पाणी न्यायालयाची भरपाई योजना किंवा राज्य अभियंत्याने, म्हणजे राज्याचं पाणीवाटप पाहणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याने, मंजूर केलेली पर्यायी पुरवठा योजना सक्तीची झाली. ६०० फुटांच्या आत कुणाची विहीर असेल तर त्या मालकाच्या संमतीचाही प्रश्न येतो.

जुन्यांना सोडून देण्याचा हा भाग मला खटकतो. १९८० च्या आधी उघडं पडलेलं तळं आजही प्रत्येक जुलैत तेवढंच पाणी उडवतं आणि त्याचा भार कुणीतरी ज्येष्ठताक्रमात निमूट सोसतो. पण ज्यांनी त्या वेळच्या समजुतीनुसार काम केलं, त्यांच्यावर मागाहून न संपणारं देणं लादणंही सोपं नव्हतं. एक तारीख ठरवावी लागली आणि ती ठरली.

हिशेब कसा मांडतात

समजा, चार हेक्टरांचं तळं आहे. वर्षाचं एकूण बाष्पीभवन १.१४ मीटर आणि पाऊस ३६ सेंटिमीटर धरू. पावसाचं सगळं पाणी वजा करू देत नाहीत. त्यातला ७० टक्के भाग वजा होतो, कारण खड्डा नव्हता तेव्हा तेवढा पाऊस रानातलं गवत-झुडूप पिऊन टाकत होतं आणि तो नदीला मिळतच नव्हता. उरलेला ३० टक्के पूर्वीही नदीचाच होता. शेल्टन फार्म्सचा निकाल इथे पुन्हा जाणवतो. झाडांनी भूजलातून ओढलेल्या पाण्याचं श्रेय खाणवाल्याला नाही, पण पावसातून घेतलेल्या पाण्याचं आहे. ही रेघ मला पटते.

तर १.१४ मीटरमधून सुमारे २५ सेंटिमीटर गेले. उरले ८९ सेंटिमीटर. चार हेक्टरांवर ते साडेतीन कोटी लिटरांहून थोडं जास्त भरतं. हे झालं नुसत्या उन्हाचं.

मालाबरोबर बाहेर जाणारं पाणी वेगळं. धुतलेल्या गोट्यांच्या वजनाच्या ४ टक्के ओल मालात राहते असं धरतात. खड्डा सतत उपसून कोरडा ठेवला असेल तर खणलेल्या मालासाठी २ टक्के. वर्षाला तीन लाख टन धुतलेला माल गेला, तर १२ हजार टन पाणी, म्हणजे सव्वा कोटी लिटरांच्या आसपास, ट्रकांत बसून गेलं. धूळ दाबायला रस्त्यावर मारलेलं पाणी आणखी निराळं.

मग महिने. सखल भागासाठी राज्य अभियंत्याच्या मार्गदर्शनात वर्षाच्या बाष्पीभवनाची मासिक वाटणी दिलेली असते. जानेवारीला ३ टक्के, जुलैला १५. आपल्या तळ्याच्या एकूण बाष्पीभवनात जानेवारीला साडेतेरा लाख लिटर येतात आणि जुलैला ६८ लाख. तळं गोठतं तेव्हाची सूटही मिळते.

पण खड्ड्यातून जुलैत उडालेलं पाणी नदीत जुलैतच कमी होत नाही. थराची पाणी वाहून नेण्याची क्षमता, त्यातून मोकळं होणाऱ्या पाण्याचं प्रमाण, नदीपासूनचं अंतर आणि थर संपतो ती कड यांवरून तूट नदीपर्यंत कधी आणि किती पोहोचते ते ठरतं. यासाठी ग्लोव्हर यांची पद्धत वापरतात. तिचं मूळ १९५४ मध्ये ग्लोव्हर आणि बामर यांनी मांडलेल्या गणितात आहे आणि आज ते संगणकावर चालतं. काठाला लागून असलेल्या तळ्याची तूट जवळपास त्याच महिन्यात नदीत उतरते. दूरच्या तळ्याची पसरत जाते. उन्हाळ्यातला ताण हिवाळ्यातही जाणवत राहतो आणि खड्डा पुन्हा मातीने बुजवला तरी मागची तूट काही काळ नदीकडे येतच असते. म्हणून खाण थांबली त्या दिवशी हिशेब थांबत नाही.

या भागातलं गणित एखाद्याला रुक्ष वाटेल. मला मात्र न्यायाचा खरा कस इथेच लागतो असं वाटतं. तत्त्व निकालपत्रात लिहिणं एक गोष्ट आहे. ज्येष्ठ शेतकऱ्याला पाणी हवं असतं ते जूनच्या त्या ठरावीक आठवड्यात. डिसेंबरमध्ये सोडलेलं तेवढंच पाणी त्याच्या कामाचं नाही.

भरपाईचं पाणी कुठून

इतकं पाणी खाणवाला आणतो कुठून? नवा हक्क घेऊन उपयोग नाही, कारण तो रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहील. मग जुना हक्क विकत घ्यायचा किंवा भाड्याने घ्यायचा. पाट-कंपनीचे, म्हणजे पाटाचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या कंपनीचे, समभाग घेतले जातात किंवा एखाद्या शहराकडून पुन्हा वापरता येण्याजोगं पाणी करारावर मिळवलं जातं.

समभाग घेतले म्हणून पाटातून येणारं सगळं पाणी भरपाईला दाखवता येत नाही. शेतकरी पाटातून पाणी घेत होता तेव्हा काही पाणी पीक पीत होतं आणि काही मुरून नदीला परत जात होतं. परत जाणाऱ्या पाण्यावर खाली दुसरे अवलंबून होते. म्हणून पिकाने खरोखर संपवलेला भाग तेवढाच हलवता येतो आणि परतीचं पाणी पूर्वीसारखंच, हिवाळ्यासकट, नदीला देत राहावं लागतं. आणि ते शेत कोरडं करावं लागतं, नाहीतर एकच पाणी दोनदा वापरल्यासारखं होईल.

यातली कळ उघड आहे. खाणीच्या तळ्यातून उडणाऱ्या पाण्याचा मोबदला म्हणून कुठेतरी ओलिताचं रान जिरायत होतं. एका खाणीने फार फरक पडत नाही. पण शहरंही हेच करतात, आणि दोन्हींची बेरीज साउथ प्लॅटच्या खोऱ्यातल्या गावांना जाणवते. शेतकरी विकतो तो राजीखुशीने आणि चांगल्या भावाने. पाट-कंपनीत मागे उरलेल्यांना मात्र तोच पाट कमी माणसांत सांभाळावा लागतो.

वेळ जुळवण्याची एक चांगली युक्ती इथे रूढ झाली आहे. नदीत कॉल नसतो त्या दिवसांत, मोकळं पाणी असताना, ते नदीपासून दूरच्या मुरवण तळ्यांत सोडायचं. ते थरातून सावकाश नदीकडे निघतं आणि पुढे टंचाईत पोहोचतं. खड्ड्याची तूट जशी उशिरा येते तशी ही भरही उशिरा येते, आणि दोन्हीसाठी गणित तेच.

एक सवय मात्र काळजीची आहे. पर्यायी पुरवठा योजना मुदतीची असते. पाणी न्यायालयाची कायम योजना मिळायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून तोवर काम अडू नये हा तिचा हेतू. पण अनेक खड्डे वर्षानुवर्षं नूतनीकरणावर चालत राहतात. एखाद्या वर्षी भाड्याचं पाणी मिळालं नाही तर काय, हा प्रश्न दर खेपेला पुढे ढकलला जातो. २००२ च्या दुष्काळानंतर साउथ प्लॅटवरच्या शेतविहिरींनी याचं उत्तर पाहिलं. भरपाईचं पुरेसं पाणी दाखवता न आल्याने २००६ मध्ये सुमारे ४४० विहिरी भर हंगामात बंद झाल्या. विहिरीचा पंप तरी बंद करता येतो. उघड्या तळ्याचं बाष्पीभवन कोणत्या आदेशाने बंद करणार?

अस्तर घातलं की तलाव, नाही घातलं की विहीर

देण्यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. एक, खड्डा पाणीपातळीच्या वरपर्यंत भरून टाकायचा. दुसरा, थरातलं पाणी आणि खड्डा यांचा संबंध तोडायचा. त्यासाठी खड्ड्याभोवती खालच्या घट्ट खडकापर्यंत चर खणून त्यात माती आणि बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचं मिश्रण भरून जमिनीखाली भिंत करतात, किंवा बाजूंना चिकणमाती दाबून बसवतात. किती गळती चालेल याचे निकष राज्य अभियंत्याने १९९९ मध्ये घालून दिले. त्यांत ९० दिवसांची चाचणी असते. उत्तीर्ण झालेला खड्डा विहीर राहत नाही. तो साठवण तलाव होतो.

इथे या कथेने अनपेक्षित वळण घेतलं. डेन्व्हरच्या खालच्या अंगाला नदीवर धरण बांधायला सोयीची जागा सहज मिळत नाही आणि शहरांना तर नदीकाठी साठवण हवीच होती. अस्तर घातलेला खड्डा म्हणजे तयार तलाव. डेन्व्हर, ऑरोरा, थॉर्नटन अशा शहरांनी असे खड्डे मिळवले. गोट्यांपेक्षा खड्ड्याची किंमत जास्त ठरू लागली. देणं टाळण्यासाठी केलेला खर्च मालमत्ता होऊन परत आला आणि त्यामुळे नियम पाळायला खाणवाल्याचं मनही वळलं.

भूजलाला मात्र ही भिंत मानवत नाही. नदीकडे सरकणारं पाणी भिंतीशी अडतं, तेव्हा वरच्या बाजूला पातळी चढते आणि तळघरांत, शेतांत ओल येते. खालच्या बाजूच्या विहिरींची पातळी उतरते. एक भिंत असेल तर पाणी वळसा घालून जातं. काठाने ओळीने भिंती उभ्या राहिल्या तर वळसा घालायला जागा किती उरते? बाष्पीभवनाची एक रेघ हिशेबातून खोडली गेली, पण थराचं रूप बदललं ते बदललंच.

पुरातही हे खड्डे नदीला वेगळ्याच वाटा दाखवतात. सप्टेंबर २०१३ च्या महापुरात सेंट व्रेनने लाँगमाँटच्या वरच्या बाजूला जुन्या खाणतळ्यांचे बांध फोडले आणि ती आपलं पात्र सोडून त्यांतून वाहू लागली. नदी आणि खड्डा यांच्या मधली चिंचोळी पट्टी कायम टिकेल हे गृहीत तिथे वाहून गेलं.

कायदा कुणाचं पाणी राखतो

या व्यवस्थेचं कौतुक करताना एक मर्यादा मी विसरू इच्छित नाही. ही भरपाई नदीसाठी नाही, हक्कदारासाठी आहे. कॉल नसेल तर बाष्पीभवनाने झालेली घट भरून द्यायची गरज नाही. कॉल असेल तर पाणी कॉल लावणाऱ्याच्या वर पोहोचलं की पुरे. खाणीपासून भरपाईच्या ठिकाणापर्यंतचा नदीचा तुकडा मधल्या मधे रोडावला, तर त्याची तक्रार करायला त्या तुकड्याकडे हक्क असावा लागतो. १९७३ पासून राज्याच्या जलसंधारण मंडळाला नदीत वाहतं पाणी राखण्याचे हक्क घेता येतात, पण मंडळाने नव्याने नोंदवलेल्या हक्कांच्या तारखा १९७३ नंतरच्या, म्हणजे रांगेच्या टोकाच्या.

तरीही आपल्याकडून पाहताना या हिशेबाचं अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्रात वाळू ब्रासने मोजतात. किती ब्रास उचलली, किती स्वामित्वधन भरलं, किती ट्रक पकडले, याची नोंद असते. गोदावरी, भीमा, गिरणा यांच्या पात्रांतली वाळू पाणी धरून ठेवते आणि ती गेली की काठच्या विहिरी उतरतात, हे त्या गावांतला प्रत्येक शेतकरी सांगतो. आपली वाळू बहुतांशी पात्रातून निघते, तिथली काठाच्या थरातून, त्यामुळे कोलोरॅडोचं सूत्र उचलून इथे लावता येणार नाही. पण उपसा करणाऱ्याच्या नावावर वाळूच्या ब्राससोबत गेलेलं पाणीही लिटरांत मांडायचं आणि ते त्याच्याकडूनच भरून घ्यायचं, ही मागणी आपल्या काठच्या विहिरवाल्यांनाही करता आली पाहिजे.

खाण बंद झाल्यावर

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी येतो. खाण पंधरा-वीस वर्षं चालते. कंपनी दुसऱ्या नावात विलीन होते, विकली जाते, कधी बुडते. तळं तिथेच राहतं आणि दर उन्हाळ्यात पाणी उडवत राहतं.

उपसून कोरडी ठेवलेली खाण असेल तर अडचण आणखी मोठी. उपसा चालू असतो तोवर बाहेर काढलेलं पाणी नदीलाच मिळतं आणि तूट झाकली जाते. पंप बंद झाले की रिकामा खड्डा भरायला लागतो. चार हेक्टरांचा खड्डा पाणीपातळीखाली सहा मीटर खोल असेल, तर भरायला २४ कोटी लिटर लागतील. आपल्या उदाहरणातल्या सुमारे सात वर्षांच्या निव्वळ बाष्पीभवनाएवढं पाणी थर आणि नदी यांतून ओढलं जाईल, आणि तेही कंपनीचं उत्पन्न संपलेलं असताना. म्हणून मंजुरीच्या अटींत लिहिलेलं असतं की उपसा थांबवण्याच्या किमान तीन वर्षं आधी, हा खड्डा भरताना आणि त्यानंतर होणारी तूट कुठल्या वेळी, कुठल्या ठिकाणी, किती प्रमाणात भरून द्याल, ती योजना सादर करा.

३० एप्रिल २०१० रोजी राज्याच्या खाण-पुनर्वसन विभागाने वाळू-गोट्यांच्या खाणवाल्यांना पत्र पाठवून याला आर्थिक दात दिले. भूजल उघडं पाडणाऱ्याने दीर्घकालीन तुटीची तजवीज आताच दाखवायची. अस्तर घालण्याच्या खर्चाएवढी हमी रक्कम ठेवा, किंवा खड्डा बुजवण्याच्या खर्चाएवढी ठेवा, किंवा पुरेसा पाणीहक्क या कामासाठी कायमचा बांधून द्या. कंपनी उद्या नसली तरी खड्डा मिटवायला पैसे किंवा भागवायला पाणी हाताशी असावं हा हेतू.

या तिन्हींत मी बुजवण्याच्या बाजूने आहे. हमी रकमेची किंमत महागाई खाते. बांधून दिलेल्या हक्काला दरवर्षी कुणीतरी दार उघडून पाणी सोडावं लागतं, मोजावं लागतं, पाणी अधिकाऱ्याला आकडे पाठवावे लागतात, आणि ते करणारा माणूस पन्नास वर्षांनी कोण असेल हे आज कुणालाच सांगता येत नाही. अस्तर तडकतं. पाणीपातळीच्या वर चढलेल्या मातीला यातलं काहीच लागत नाही. पण शहराबाहेरून चांगली भर आणणं महाग आहे, तळ्याकाठच्या प्लॉटला भाव आहे आणि शहरांना साठवण हवी आहे. त्यामुळे खड्डे बुजवले जाण्यापेक्षा अस्तर घालून ठेवले जाण्याकडेच कल आहे, आणि ज्यांना अस्तर नाही त्यांचा हिशेब महिन्याच्या महिन्याला लिहिला जातो आहे.